दोन खळग्यांमधली ये-जा

मी त्याच्या कपाळाला बोट लावलं आणि... चट्!

निळसर ठिणगी उडाली. एवढीशी. पण समोर माइक चालू होता, म्हणून तिचा आवाज हॉलभर झाला. बुवा एक पाऊल मागे सरकले, माझ्या हातातली बुक्क्याची वाटी हिंदकळली, आणि बहरीनच्या हूऱ्यातल्या त्या हॉलमध्ये गालिच्यावर मांडी घालून बसलेली मंडळी आधी दचकली, मग खो खो हसली.

खरं तर ते बोट माझं असायचं काही कारणच नव्हतं. पूर्वरंग संपला की यजमानांनी कीर्तनकाराला बुक्का लावायचा, गळ्यात हार घालायचा, आणि थोड्या विसाव्यानंतर उत्तररंगातली गोष्ट सुरू व्हायची, ही आपली पद्धत. पण मंडळाचे काका कुणाच्या तरी गाडीला वाट करून द्यायला खाली गेलेले, आणि काकू आत शिऱ्याच्या पातेल्याशी. पहिल्या रांगेत रिकाम्या हातानं बसलेली मी. तबल्यावरच्या संदेशदादांनी मानेनंच खुणावलं, "मेधा, ऊठ गं, तू लाव. बुवा ताटकळलेत."

म्हणून मी उठले. म्हणून ते झालं.

"मंडळी," बुवा कपाळ चोळत माइकमध्ये म्हणाले, "लोक वर्षानुवर्षं तप करतात, तेव्हा कुठे प्रकाश दिसतो. मला आज बुक्क्यातच दिसला... असो!"

पुन्हा हशा. मी खाली मान घालून जागेवर येऊन बसले. कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. लहानपणी आईच्या मांडीवर डोकं ठेवून मी कीर्तनं ऐकली, तेव्हापासून कीर्तनकार म्हटला की पिकलेल्या मिशा आणि खर्जातला आवाज डोळ्यांसमोर यायचा. हा तर तरुण होता. पगडीखालून काळे केस डोकावत होते. आणि डोळे असे, की शब्दाआधी तेच हसायचे. आवाज मात्र... आवाज ऐकला की वाटायचं, कुणीतरी उन्हातून येऊन गार पाण्याची ओंजळ पुढे केली आहे.

उत्तररंगात त्याने कुठली गोष्ट सांगितली, ते मला आजही नीट आठवत नाही. हे देवा, क्षमा कर.

कीर्तन संपलं. शिऱ्याचे द्रोण फिरू लागले. मी चपला शोधत होते, तेवढ्यात मागून आवाज आला,

"तुम्हीच ना? वीजवाल्या?"

वळले. पगडी काखेत, द्रोण हातात.

"ती माझी चूक नव्हती," मी म्हणाले. "तुमचं उपरणं पॉलिएस्टरचं आहे."

त्याने उपरण्याकडे पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखं.

"रेशमी लाँड्रीत आहे हो. ह्याला काठ तसेच आहेत. लांबून कुणाला कळत नाही."

"इलेक्ट्रॉनला कळतं. एसीची कोरडी हवा, खाली नायलॉनचा गालिचा, त्यावर तुम्ही तासभर नाचलात. घासून घासून विद्युतभार साठला. सुती कापड असतं तर हळूच निघून गेला असता. प्लॅस्टिक त्याला सोडत नाही."

"का सोडत नाही?"

"कारण प्लॅस्टिकच्या आत जागोजागी खळगे असतात. इलेक्ट्रॉन त्यात पडला की बसतो."

"किती वेळ?"

"कधी क्षणभर. कधी कित्येक महिने."

"अरे वा," तो म्हणाला. शिऱ्याचा घास तसाच हातात राहिला. "म्हणजे माझ्यासारखाच. थोडे दिवस म्हणून बहरीनला आलो, बँकेत ऑडिट करत बसलोय... मी दत्तप्रसाद. तुम्हाला हे सगळं कसं ठाऊक?"

"हेच माझं काम आहे. प्लॅस्टिकमधून इलेक्ट्रॉन कसा चालतो, त्याचं गणित मांडायचं."

तो इतका मनापासून हसला, की द्रोणातला केळ्याचा काप खाली पडला.

"पण तुम्हीच तर म्हणालात, तो चालत नाही!"

"फार हळू चालतो," मी म्हणाले. "म्हणून तर बघत बसावं लागतं."

हे वाक्य मी एवढ्या हळू का म्हणाले, कोण जाणे.

*

आमची कंपनी केबल बनवते. समुद्राच्या तळातून एका किनाऱ्याची वीज दुसऱ्या किनाऱ्याला नेणाऱ्या जाड केबल. मधे तांबं, आणि त्याच्याभोवती पांढऱ्या प्लॅस्टिकचं जाड कवच. वीज तांब्यातूनच जावी, बाहेर पडू नये, म्हणून ते कवच. पण कितीही चांगलं प्लॅस्टिक घ्या, चार-दोन इलेक्ट्रॉन आत शिरतातच. खळग्यांत बसतात. साठत साठत एक दिवस कवच फोडतात. ते कुठे साठतील, हे केबल समुद्रात टाकण्याआधी सांगायचं... ते माझं काम.

माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर ते प्लॅस्टिक शेवयांच्या गुंत्यासारखं दिसतं. त्या गुंत्यात एक निळा ठिपका. तो बसतो, बसतो, बसतो... आणि मग एकदम उडी! मला तो ठिपका आवडायचा. उशिरा का होईना, निघतो बिचारा.

मात्र त्या दिवसांत त्याने मला रडकुंडीला आणलं होतं. दोन खळगे अगदी शेजारी शेजारी असले, की तो त्या दोघांतच ये-जा करत बसायचा. इकडून तिकडे, तिकडून इकडे. पुढे म्हणून जायचा नाही. कॉम्प्युटर इमानानं प्रत्येक उडी मोजायचा, दिवस संपायचा, आणि ठिपका होता तिथेच.

"काय गो, तुझा पोरगा आज तरी कुठं गेला काय?" नुसरत विचारायची.

नुसरत रत्नागिरीची. आमच्याच कंपनीत, चाचणी विभागात. जिदहफ्समधल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी एकत्र राहायचो. मी केबल कॉम्प्युटरमध्ये फोडायची, ती खरोखरची.

"नाही गेला."

"मंग त्याचा नाद सोड, नि दुसऱ्याचा फोन घे. केव्हाचा वाजतोय."

फोन दत्तप्रसादचा होता. नंबर संदेशदादांकडून मिळवला होता म्हणे, माझ्या पीएच.डी.च्या बातमीसकट.

"डॉक्टर मॅडम, एक विनंती होती. मला दृष्टांत हवाय. तुमचा इलेक्ट्रॉन मला कीर्तनात घ्यायचाय. शिकवाल?"

"फी?"

"बुदैयाच्या शेतकरी बाजारात तुम्ही म्हणाल ती भाजी."

मी हसले. नुसरत तव्यावरच्या घावण्याकडे बघत स्वतःशीच पुटपुटली, "भाजी! मेल्याला फूल सुचत नाय."

*

शनिवारची सकाळ. हिवाळ्यातलं बहरीन म्हणजे देवाने हातानं पंखा घालावा तशी हवा. बुदैयाच्या बागेत खजुरीच्या झाडांखाली शेतकऱ्यांनी टेबलं मांडली होती. शेपूच्या जुड्या, लालबुंद टोमॅटो, मातीसकट उपटलेले मुळे. सगळीकडे ओल्या कोथिंबिरीचा वास. दत्तप्रसाद निळ्या शर्टात होता. मी आधी त्याला ओळखलंच नाही. पगडी नसली की तो किती साधा दिसायचा... आणि किती जवळचा.

"बोला गुरुजी," तो म्हणाला. "शिष्य उभा आहे."

मी इकडेतिकडे पाहिलं. अंडी विकणाऱ्या म्हाताऱ्या बहरीनी बाबाकडे पुठ्ठ्याचे रिकामे ट्रे पडले होते. एक मागितला. "मफी मुश्किल," काही हरकत नाही, म्हणत त्याने तो हातात दिला, वर पिशवीभर बोरं तोलून घ्यायला लावली. मी एक पिकलं बोर ट्रेमध्ये टाकलं. ते एका खळग्यात जाऊन बसलं.

"हे प्लॅस्टिक. हा इलेक्ट्रॉन. आता पलीकडून धरा."

त्याने ट्रेची दुसरी बाजू धरली.

"हलवा. हळू. ही ऊब. वस्तूत जेवढी ऊब, तेवढी थरथर. या थरथरीनंच त्याला उडी मारता येते, एरवी नाही."

आम्ही दोघं हलवत होतो. बोर थरथरलं, काठापर्यंत चढलं, पुन्हा घसरलं.

"बिचारा," तो म्हणाला.

"आता तुमची बाजू जरा खाली करा. हा झाला विजेचा दाब. उतार मिळाला की कुठल्या दिशेला जायचं ते त्याला समजतं."

बोर उडालं, त्याच्याकडच्या खळग्यात पडलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा त्याच्याकडे.

"अहो, हा तर आपल्या दोघांतच फिरतोय," तो म्हणाला.

"हीच तर माझी अडचण आहे."

"कुठली?"

"म्हणजे... कामातली."

ट्रेच्या पलीकडून तो माझ्याकडे बघत होता. शेपूचा वास, कुणाची तरी अरबीतली हाक, आणि ट्रेच्या काठावर त्याची बोटं माझ्या बोटांपासून इतकीच दूर. आम्ही हलवायचं विसरलो. बोर निवांत पडून राहिलं.

"मॅडम," थोड्या वेळानं तो म्हणाला, "हा दृष्टांत मला लवकर बसवायला हवा. मार्चमध्ये माझं इथलं शेवटचं कीर्तन आहे."

"शेवटचं?"

"राजीनामा दिलाय. बाबा आमच्या गावच्या देवळात कीर्तन करतात... करायचे. कुडाळजवळ. त्यांच्या आधी आजोबा. बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं, आणि आवाज गेला. आता येणार नाही, डॉक्टर म्हणाले." तो ट्रेकडे बघत बोलत होता. "उत्सवात देवापुढे उभं राहायला घरातलं कुणी नाही. मी नाही गेलो तर ती जागा रिकामी राहील. म्हणून व्हिसा कॅन्सल करून... कायमचाच जातोय."

माझ्या बाजूचा ट्रे खाली गेला. बोर टुणकन मातीत पडलं.

"चांगलं आहे," मी म्हणाले. "म्हणजे, चांगलंच की. देवाचं काम."

"हो ना," तो म्हणाला.

मग आम्ही भाजी घेतली. फार घेतली. दोघी बायकांच्या घरात आठवडाभर संपणार नाही एवढा शेपू.

*

त्यानंतरचे दिवस धुक्यासारखे गेले. तो हूऱ्यात राहायचा, मी जिदहफ्सला. कधी तो दृष्टांत बसवून दाखवायला यायचा, कधी मी काही राहिलं म्हणून सांगायला जायची. चहा व्हायचा. तो बोलायचा, मी चुका काढायची. चुका संपल्या तरी भेटी संपेनात. दर वेळी निघताना दारात दोघं थोडं घुटमळायचो... आणि दर वेळी कुणीतरी एक म्हणायचं, "बरं मग."

"बरं मग काय?" नुसरत एकदा कडाडली. दार लागताच. "काय गो हे? तो येतो, 'बरं मग'. तू जातेस, 'बरं मग'. तो माणूस चालला कायमचा. विचार की त्याला!"

"तोच विचारेल ना, त्याला वाटत असेल तर. दोन-दोन तास उभा राहून बोलतो. शब्दांची काय वाण आहे त्याला?"

"नि तुला?"

"मी काय विचारू? मला गावाला घेऊन चला म्हणू? त्याच्या मनात नसेल तर?"

नुसरतनं कमरेवर हात ठेवले. "माझ्याकडे केबल येते ना, तेव्हा मी तिला असं विचारत बसत नाय, की बाई गो, तू फुटशील काय? मी व्होल्टेज लावते. खलास! जे काय आहे ते समोर येतं."

"माणसाला व्होल्टेज कसं लावायचं?"

"ते तू शीक. एवढी डॉक्टर झालीस."

मी उशीत तोंड खुपसलं. देवापुढे हात जोडले, तर मागायचं काय तेच सुचेना. त्याला इथे ठेव म्हणावं, तर त्याच्या बाबांची जागा रिकामी राहणार. असलं मागणं देवाजवळ कसं करायचं? मी म्हटलं, तुझं तूच बघ. मी आपली पहिल्या रांगेत बसेन.

*

मार्चमधला शुक्रवार, दुपार. हॉल भरला होता. भिंतींपाशी माणसं उभी होती. पेटीचा सूर लागला, त्याने टाळ हातात घेतले, आणि गायला सुरुवात केली. ध्रुवपद त्याचंच, स्वतः रचलेलं:

अडले मन माझे, पाऊल ना पुढे
हाक तुझी येता दार हे उघडे

मग निरूपण.

"एक होता इलेक्ट्रॉन. तुम्ही म्हणाल, बुवा, कीर्तनात इलेक्ट्रॉन कुठून आला? मी म्हणेन, जो कणाकणांत भरलाय तो याच कणात नाही, असं तुम्ही कसं म्हणता? तुम्ही म्हणाल, बरं, असेल. पण प्लॅस्टिक तर वीज अडवतं, त्यात हा चालणार कसा? अहो, अडवतं म्हणजे आत सगळं मेलेलं नसतं! आत कुणीतरी बसलंय, खळग्यात, आणि वाट बघतंय. तुम्ही म्हणाल, मग मारत का नाही उडी? कशी मारेल? एकट्याच्या बळावर होत नाही ते. ऊब लागते. सत्संगाची ऊब, नामाची ऊब..."

किती छान सांगत होता! ही त्याची हातोटीच होती. श्रोत्यांच्या मनातली शंका आपणच त्यांच्या तोंडून मांडायची, आणि आपणच तिचं उत्तर द्यायचं. लोक माना डोलवत होते. मी ओठांतल्या ओठांत त्याची वाक्यं म्हणत होते, सगळी पाठ झालेली.

टाळ वाढले, ध्रुवपद पुन्हा आलं. पुन्हा. पुन्हा. संदेशदादांचा तबला पळू लागला. सगळा हॉल टाळ्या वाजवत त्या दोन ओळींत फिरत होता... इकडून तिकडे, तिकडून इकडे... आणि त्या गजरात, माझे डोळे मिटलेले असताना, मला एकदम दिसलं. त्या दोन ओळी किती वेळा आल्या, कुणी मोजत नव्हतं. कशाला मोजायचं? त्या दोन मिळून एकच. मोजायचं ते एवढंच, की यातून पुढच्या कडव्यात कधी निघायचं! माझे ते शेजारी शेजारी खळगे... त्यांच्यातली ये-जा मोजायचीच नाही. दोघांना मिळून एक घर धरायचं, आणि त्या घरातून बाहेरची उडी कधी, तेवढंच गणित करायचं.

किती सोपं होतं. मी हसत होते, आणि गालांवर पाणी होतं. शेजारच्या काकूंना वाटलं, मला भक्तीचा उमाळा आला. तोही होताच.

पूर्वरंग संपला. या खेपेला काकूंनी मुद्दाम वाटी माझ्याच हातात दिली. मी पुढे गेले. त्याच्या कपाळाला बुक्का लावला.

काही झालं नाही.

"आज सुती आहे," तो ऐकू येईल न येईल असं म्हणाला.

"कळलं."

"कीर्तन झाल्यावर थांबाल? बुदैयाच्या समुद्रावर जाऊ. परवा माझं विमान आहे."

*

ओहोटी लागली होती. मासे पकडायचे तारेचे मोठाले पिंजरे वाळूत उपडे घालून ठेवलेले, घुमटांसारखे. सूर्य पाण्यावर टेकायला आलेला. वारा माझी ओढणी त्याच्याकडे ढकलत होता, आणि मी ती पुन्हा पुन्हा आवरत होते.

"छान सांगितलंत आज," शेवटी मी म्हणाले. "एकही चूक नव्हती."

"वाईट वाटलं असेल तुम्हाला."

"हो. जरा."

तो हसला. मग वाळूकडे बघत म्हणाला, "मी तुम्हाला विचारलं होतं."

"काय?"

"माझ्याबरोबर याल का म्हणून."

"कधी?"

"रोज. हूऱ्याच्या सिग्नलला थांबलो की विचारायचो. बँकेत बसलो की विचारायचो. मग तुम्ही म्हणायचात, दत्तप्रसाद, एवढी शिकले ती तुमच्या गावात शेणानं अंगण सारवायला नव्हे. मी म्हणायचो, खरंय. तुम्ही म्हणायचात, तिथे माझ्या कामाचं काय आहे? मी म्हणायचो, काही नाही. तुम्ही म्हणायचात, मग कशाच्या जोरावर विचारता?" त्याने हात पसरले. "मी म्हणायचो... असो."

"हे सगळं मी म्हणाले?"

"हो. फार मुद्देसूद बोलायचात."

"आणि जिंकायचं कोण?"

"तुम्हीच. दर वेळी."

मला हसू येत होतं. पण त्याच्या आधी राग आला. असा, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"हे तुमचं कीर्तनात ठीक आहे हो! तिथे शंभर माणसं एकदम बोलू शकत नाहीत, म्हणून तुम्ही त्यांच्या तोंडचं बोलता. इथे मी एकटी उभी आहे. मला तोंड आहे! माझा आक्षेप तुम्ही मांडलात, निकालही तुम्हीच दिलात, आणि परवा विमानात बसून निघालात. मला कुणी विचारलं?"

त्याचा चेहरा उतरला. "मेधा..."

"मध्ये बोलायचं नाही. आज माझा आक्षेप मी मांडणार."

त्याने उघडलेलं तोंड मिटलं.

"अंगण सारवायला मला येत नाही, आणि मी शिकणारही नाही."

"आमच्या अंगणात फरशी आहे."

"मध्ये नाही म्हटलं ना! ...फरशी आहे?"

"आहे."

"बरं. प्लॅस्टिक फोडायला नुसरत आहे. मला कॉम्प्युटर लागतो. वीज आहे गावात?"

"आहे. जाते. पुन्हा येते."

"इंटरनेट?"

"देवळाच्या मागच्या पायरीवर चांगलं लागतं."

"मग मी पायरीवर बसेन." मी ओढणी पुन्हा आवरली. "पण लगेच नाही. वर्षअखेरपर्यंत माझा इथला करार आहे, आणि आजच कुठे मला माझ्या गणिताची वाट सापडलीये. ते अर्धं टाकून मी येणार नाही. तोवर तुम्ही एकट्यानंच उभं राहायचं. पुढे कंपनी तिथून काम करू देईल की नाही, मला माहीत नाही. नाही दिलं तर गोव्यात काही मिळतंय का बघेन. तेही जमलं नाही तर भांडेन... तुमच्याशीच. हे सगळं अवघड आहे, हे मलाही दिसतं. पण तुम्ही मांडलेले आक्षेप माझे नव्हतेच. माझा एकच आहे."

"कुठला?" तो पुटपुटला.

"तुम्ही मला विचारलं नाहीत."

सूर्य बुडाला. पाण्यावर केशरी रंगाचा पट्टा तेवढा उरला. दत्तप्रसाद उभा होता, माझ्यासमोर, हात कुठे ठेवावेत ते न कळून. शंभर माणसांपुढे ज्याचा सूर कधी हलला नाही, त्याला घसा खाकरावा लागला. दोनदा.

"मेधा... याल? म्हणजे... येशील? माझ्याकडे?"

वाऱ्यानं ओढणी पुन्हा त्याच्याकडे नेली. या वेळी मी ती आवरली नाही.

"हो," मी म्हणाले.

ओढणीचं टोक त्याने मुठीत धरून ठेवलं, एवढंच. पोरासारखं. आणि एकदम खिसे चाचपू लागला.

"काय शोधताय?"

"फोन. तिकडे रात्र झाली असेल, पण बाबा जागे असतील."

"अहो, त्यांना माहीत तरी आहे का मी कोण ते?"

"सगळं माहीत आहे. रोज सांगतो. उलट बोलू शकत नाहीत, म्हणून तर बिनधास्त सांगता येतं." तो नंबर लावत होता, बोटं चुकत होती. "हॅलो, बाबा? ...बाबा, मी विचारलं. हो, खरंखुरं विचारलं. घ्या, तिच्याशीच बोला." आणि फोन त्याने माझ्या कानाला लावला.

मी काय बोलणार होते? पलीकडे नुसता श्वास. म्हाताऱ्या माणसाचा, जरा घरघरता. मागे कुठेतरी रातकिडे.

"नमस्कार करते, बाबा," मी कशीबशी म्हणाले. "मी मेधा."

श्वास थांबला. काहीतरी सरकल्याचा आवाज. भांडं? पेटी? मग पावलं, सावकाश. आणि मग, कानाशी, स्वच्छ, लांबवर घुमत जाणारी झांज. एकदाच.

मी दचकून दत्तप्रसादकडे पाहिलं. "हे काय?"

त्याचे डोळे भरले होते. "बाबांची झांज... ऑपरेशननंतर हातात घेतली नव्हती त्यांनी. मंडळी जागेवर बसली, पेटी सुरात लागली, की ते अशी एकदाच वाजवायचे. म्हणजे, सगळं जुळलंय. चला, सुरू करूया."

बुदैयाच्या मशिदीतून अजान सुरू झाली. संध्याकाळ हळूहळू निळी होत होती, आणि त्या निळाईत झांजेचा नाद अजून विरला नव्हता. मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"येते, बाबा," मी म्हणाले.